उन्हात उघडलेल्या छत्र्या

पितृपंधरवडा सरला की धाराशिवात हवेला एक वास येतो. सोयाबीन काढणीचा. वाळलेल्या पाल्याचा, मळणीयंत्राच्या धुरळ्याचा, आणि कुठं एखादा ढीग आतून तापला असेल तर जरा आंबूस. एसटीच्या खिडकीतून तो आत येतो, वर्गात फळ्यापर्यंत येतो, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीला लागतो. बाकीच्यांना तो सुगीचा वास वाटतो. मला तो आला की मी फोन उघडते आणि बंगालचा उपसागर बघते.

हसायचं काम नाही. आमच्या जिल्ह्याला कुठूनच समुद्र लागत नाही हे मलाही ठाऊक आहे, भूगोल मीच शिकवते. माझ्या वर्गातल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो. चित्रात काढायला सांगितला की ती निळ्या रंगाचं तळं काढतात आणि त्याच्या कडेला एक म्हैस उभी करतात. पण आश्विनात आमच्याकडं काय होणार ते तिकडंच ठरतं. तिकडं पाणी तापतं, हवा गोल फिरायला लागते, आणि इकडं शेकडो कोसांवर माणसं विळा हातात धरून थांबतात. काढू का थांबू. हा प्रश्न या दिवसांत आमच्याकडं नमस्काराऐवजी विचारतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला राग पटकन येतो. नवरा म्हणतो, तुझा राग माहेरवाशिणीसारखा, आला की जायचं नाव काढत नाही. खरं आहे ते. जे पुढं लिहितेय त्यातला राग किती वर्षं माझ्याकडं राहायला आहे, हे मी मोजत नाही.

सुदाम माझा धाकटा भाऊ. येरमाळ्याच्या अलीकडं, घाटाच्या कडेला आमचं गाव. तिथं तो मेंढरं राखतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि तो आबांच्या, आमच्या वडिलांच्या, कळपामागं राहिला. लोकांना वाटतं, शिकलेली ही आणि अडाणी तो. तसं काही नाही. सुदाम बारावी झालाय आणि फोन माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतो. त्यातही गंमत अशी की आमच्या गावात रेंज जेमतेम, निरोप येण्यापुरती. खरी रेंज आहे ती देवीच्या डोंगरासमोरच्या माळावर, आणि माळावर दिवसभर असतं कोण, तर मेंढरं आणि सुदाम. घोंगडं पसरायचं, काठी आडवी टाकायची आणि फोन बघत बसायचं. सगळी पोरं जे बघतात ते बघून त्याला कंटाळा आला असावा. एक दिवस त्यानं वारा बघायला घेतला.

वारा असा बघता येतो हे मला त्यानंच दाखवलं. नकाशावर बारीक पांढऱ्या रेघा पळत असतात. समुद्रात एके ठिकाणी त्या घुटमळतात, मग गोल फिरायला लागतात. आधी हिरवं दिसतं, मग पिवळं, मग लाल, आणि जोर फारच वाढला की जांभळं. "ताई, हे बघ. आज नुस्तं बसून हाय. उद्या उठंल." गाभण मेंढीबद्दल बोलावं तसं तो वादळाबद्दल बोलायचा. त्यात एक अंदाज युरोपवाल्यांचा आणि एक अमेरिकेवाल्यांचा, आणि दोघांचं कधी जमत नाही. युरोपवाला म्हणतो तेलंगणातून सरळ आपल्याकडं, अमेरिकेवाला म्हणतो वर ओडिशाला. सुदाम दोघांचं ऐकून घ्यायचा, मेंढरांकडं बघायचा आणि आपलं आपण ठरवायचा.

मग सकाळच्या पारी गावच्या ग्रुपवर त्याचा आवाज यायचा. मागं मेंढरांचं ओरडणं, वाऱ्याची घरघर. "राम राम मंडळी. सुदाम बोलायलोय, माळावरून. आज काय भ्या न्हाय. काढायचं तर काढा." तो आवाज मी इथं धाराशिवात चहा गाळताना ऐकायची आणि मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं. पहिली काही वर्षं त्याचं बरंच खरं ठरलं. मग तर गावात त्याला विचारल्याशिवाय कुणी काढणीची टोळी बोलवेना. आबांना ते आवडायचं नाही. "तू मेंढरं राख," ते म्हणायचे. "वारा राखायला सरकार हाय."

सुदामला सगळ्यात जास्त विचारायचे ते दिगंबर बप्पा. बप्पा म्हणजे गावातली मोठी शेती. उन्हाळ्यात आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसायची, खतासाठी. आमच्या घरावर बप्पांचा जीव होता, मात्र त्यांच्या जिभेला कधी लगाम नव्हता. मी पहिल्यांदा नोकरीवर निघाले तेव्हा फाट्यावर एसटीत बसवायला तेच आले होते, आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "मास्तरीण झाली, पर अजून शेंबूड पुसता येत न्हाय." मी रडतच बसले होते, म्हणून. अशी माणसं गावात असतात. त्यांच्यावर धड रुसताही येत नाही.

ज्या सालाबद्दल लिहितेय, त्या साली आश्विनात ऊन असं पडलं होतं की चप्पल घालूनही अंगणात जायला नको वाटायचं. सोयाबीन पिवळं होऊन उभं होतं. उभ्या सोयाबीनला एखादा पाऊस सोसतो. कापून आडवं पडलेलं भिजलं तर मात्र शेंगेतच मोड येतात, दाणा काळा पडतो, संपलं. म्हणून थांबायचं. पण जास्त थांबलं तर उन्हानं शेंगा तडकतात. त्याचा आवाज येतो. दुपारी बांधावर गप्प बसलं तर ऐकू येतो, इथं एक टिक, तिथं एक टिक, आणि दाणे मातीत. ते वेचता येत नाहीत. ज्याचं रान आहे त्याला तो आवाज झोपेतही ऐकू येतो म्हणतात.

उपसागरात पहिलं गोल उठलं ते सरळ आमच्याकडं तोंड करून. युरोपवाला आणि अमेरिकेवाला दोघंही तेच म्हणत होते. सुदामनं ग्रुपवर सांगितलं, थांबा. गावानं आलेल्या टोळ्या परत लावल्या, त्या शेजारच्या गावात गेल्या. वादळ किनाऱ्यापर्यंत आलं, तिथं जरा रेंगाळलं, आणि एका दुपारी वर वळून निघून गेलं. आमच्याकडं ढगसुद्धा नाही. मग त्याच जागी दुसरं उठलं. सुदाम दोन दिवस माळावरून उतरला नाही, भाकरी वर नेऊन द्यावी लागली. त्यानं पुन्हा सांगितलं, आजचा दिवस थांबा. ते दुसरं तर समुद्रातच विरलं. पाण्यात साखर जावी तसं. आणि रानारानांत शेंगा तडकत होत्या, टिक, टिक, आणि शेजारच्या गावाचं सोयाबीन केव्हाच पोत्यात जाऊन पडलं होतं.

दसऱ्याला मी माहेरी गेले होते. सुदाम मला घ्यायला फाट्यावर आला. फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, बाहेर दोन बाकडी, लिंबाची सावली. बप्पा बाकड्यावर बसलेले. ऊन रणरणत होतं. आम्ही रस्ता ओलांडायला लागलो आणि बप्पांनी शेजारची काळी छत्री उचलली, खटकन उघडली आणि डोक्यावर धरून बसले. तोंड एकदम गंभीर. त्यांच्या पलीकडच्यानं आपली उघडली. हॉटेलवाल्यानं आतून एक आणली. भाजी विकायला बसलेल्या बाईनं तर गोणपाटाची खोळ करून डोक्यावर घेतली. सगळं ठरवलेलं होतं, चार दिवस हेच चाललं होतं हे मला नंतर कळलं. आम्ही जवळ गेलो तेव्हा बप्पा सरकून म्हणाले, "ये बाबा सुदाम, आत ये. भिजशील."

मग जे हसले सगळे.

सुदामही हसला. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मान खाली घालून, दात दाखवून, आपलीच फजिती आपल्याला आवडल्यासारखा हसला. मी म्हणाले, "बप्पा, रोज सकाळी त्याला विचारत कोण होतं? तुम्हीच ना?" बप्पा म्हणाले, "अगं माय, गंमत करायलाव. सुदामला काय कळतंय. आता आमचं आमी काढतो खुशाल." आणि छत्री मिटवून त्यांनी आम्हाला चहा सांगितला. सुदामनं तो पिला. मी पिले नाही. कपावर साय धरेपर्यंत तो तसाच राहिला.

त्यानंतर ग्रुपवर त्यानं काहीही लिहिलं, नुसतं राम राम केलं, तरी खाली छत्र्यांची चित्रं पडायची. एकाखाली एक. मी इथून ती बघायची. चांगली माणसं होती ती, त्यातल्या कितीतरी जणांनी आम्हाला कडेवर घेतलेलं. त्यांची नुकसानी झाली होती आणि ती कुणावर तरी काढायची होती. वादळावर काढता येत नाही. मग जो वादळाचं नाव घेतो त्याच्यावर काढायची. हे मला समजतं. समजतं म्हणून मी माफ करावं असं मात्र कुणी मला शिकवू नये.

आता मेंढरांचं सांगते, कारण खरं जे गेलं ते तिथं गेलं.

आश्विन लागला की दिवाळीच्या आत मेंढरं कातरायची. आमच्यात कातरणीची पाळी असते. भावकीतले सगळे गडी आपापल्या कातरी घेऊन एकाच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, जमतात, दिवस मावळायच्या आत त्याचा अख्खा कळप कातरून देतात, जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्याच्या वाड्यावर. आधल्या दिवशी मेंढरं ओढ्याच्या डोहात धुऊन ठेवायची. ज्याची पाळी त्यानं ती सोडली तर तो सगळ्यांच्या शेवटी जातो, थंडी पडल्यावर. सुदामनं त्या दोन वादळांपायी आपली पाळी दोनदा पुढं ढकलली होती. कारण लोकर असली की मेंढरू कसलाही पाऊस अंगावर काढतं. ती तेलकट असते, पाणी आत जाऊ देत नाही. पण नुकतं कातरलेलं मेंढरू म्हणजे नुसतं कातडं. त्यावर पाऊस आणि वारा एकदम आला की ते टिकत नाही.

तिसऱ्यांदा पाळी आली. मेंढरं धुऊन झाली होती. त्या दिवशी शाळेची प्रार्थना चालू असताना माझ्या फोनवर सुदामचं चित्र आलं. खाली एक शब्द नाही. नकाशा, आणि त्यात जांभळं गोल, किनारा ओलांडून आत आलेलं.

मधल्या सुट्टीत फोन लावला. उचलला त्यानं, पण आधी मला ऐकू आला तो कातरींचा आवाज. कच, कच, कच. पुष्कळ कातरी एकदम चालल्या की तसा आवाज येतो, आणि मेंढरं त्यात ओरडत नाहीत, गप्प धरून ठेवल्यासारखी असतात.

"सुदाम, हे काय पाठवलंस?"

"तेच की. येणार हाय."

"मग कातरायला कसं घेतलं? थांबव."

"कुणाला सांगू?" तो हळू बोलत होता, तोंड फोनला लावून. "ताई, सगळे कातरी घिऊन बसले हुते. माझ्या तोंडाकडं बघत. एकानं संगं छत्री आणलीया. बांधावर ठिवलीया, मुद्दाम, मला दिसंल अशी. आबा म्हणले, धर पहिलं मेंढरू. मी धरलं."

"आणि गावात? सोयाबीन काढायलेत का?"

"काढायलेत सगळे. मी ग्रुपवर काय टाकलं न्हाय." मग म्हणाला, "वळंल गं. दोनदा वळलंच की."

हे तो मला सांगत नव्हता. स्वतःला सांगत होता. ज्यानं त्या गोल रेघांवर इतकी वर्षं नजर ठेवली, त्यानं त्या दिवशी आपल्याच डोळ्यांना खोटं ठरवलं. लोकांनी त्याला हसून हसून एवढं शिकवलं होतं.

दुपारनंतर धाराशिवात वारा उठला. शाळेच्या खिडक्या आपटायला लागल्या, मैदानातली धूळ भिंतीसारखी उभी राहिली आणि तिच्यामागून पाऊस आला, तो आडवा. आमच्याकडच्या पावसाला असा गारठा नसतो. पोरांना घरी सोडताना माझे स्वतःचे दात वाजत होते. मी पाच मिनिटं व्हरांड्यात उभी राहिले असेन, आणि तेवढ्यात अंगाभोवती पदर गुंडाळूनही हात लाकडासारखे झाले. सुदामचा फोन लागत नव्हता. मी पुन्हा पुन्हा लावत होते. मग लावायचं सोडलं.

सकाळी पहिल्या एसटीनं गेले. येरमाळ्यापासून पुढं सगळीकडं पाणी, रस्त्याच्या दोन्ही कडांनी कापलेलं सोयाबीन वाहून कुंपणांना अडकलेलं. माळावर चढले तर आधी दिसली ती लोकर. ओढ्याकाठच्या बाभळींवर, काट्याकाट्याला, पांढरी आणि काळी. झाडांना काय लागलंय ते मला क्षणभर कळेचना.

संगीता, सुदामची बायको, तिनं सांगितलं ते असं. पाऊस आला तेव्हा कातरून झालं होतं, गडी जेवून निघून गेले होते. ओढ्याला पाणी आलं, कळप गावात नेता येईना. कातरलेली लोकर ताडपत्रीखाली ढीग घालून ठेवलेली, कोरडी, ऊबदार. आणि ज्यांची ती लोकर ती मेंढरं वाघरीच्या जाळीत उघडी. सुदामनं ताडपत्री ओढून त्यांच्यावर टाकली, ती वाऱ्यानं नेली. मग तो ढिगातली लोकर कवळ्या भरभरून आणून त्यांच्या पाठींवर टाकत राहिला. टाकली की उडायची. पुन्हा आणायचा, पुन्हा टाकायचा. "येड लागल्यावानी करायलेते," ती म्हणाली. मेंढरं गारठून एका कोपऱ्यात दाटली, एकावर एक चढली. खालची गुदमरून गेली आणि वरची गारठून.

ती तशीच होती, मी गेले तेव्हा. कातरलेलं मेंढरू मुळात केविलवाणं दिसतं, फासळ्या दिसतात, कातरीच्या ओळी अंगावर दिसतात. त्यात भिजलेलं. त्यात मेलेलं. अर्ध्याहून जास्त कळप. कोकरं मात्र जगली होती, कारण कोकरांना कातरत नाहीत. आदल्या संध्याकाळी ती कातरलेल्या आयांना ओळखत नव्हती, समोर आई उभी आणि ही तिलाच शोधत ओरडत हिंडतायत. दर साली असंच होतं, घटकाभर गोंधळतात, मग वासावर ओळख पटते. या साली ओळख पटायला वेळ मिळाला नाही. सकाळीही ती ओरडत हिंडत होती, ढिगाला वळसा घालून, पलीकडं कुठंतरी आई असेल म्हणून.

सुदाम एका दगडावर बसला होता. रडत नव्हता. आबा उभे होते, त्याच्याकडं पाठ करून. अजून भुरभुर चालू होती. आणि गावाकडून माणसं वर येताना दिसली, चिखल तुडवत, पुढं बप्पा. त्यांच्या हातात तीच काळी छत्री.

ते आले, सगळं बघितलं, सुदामजवळ गेले आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत उभे राहिले. आता गंमत नव्हती ती. खरोखरचा पाऊस होता, आणि खरोखरच त्याला भिजू नये म्हणून धरली होती. कुणी हसलं नाही. मग बप्पा म्हणाले, "तुला दिसलं हुतं का रं?"

सुदामनं मान हलवली. व्हय.

"मग सांगायचं तरी," बप्पा म्हणाले. "आमचंबी सगळं वाहून गेलं की रं. सांगायचं तरी एक शब्द."

मागच्या माणसांनीही तेच म्हटलं. सांगायचं की. का सांगितलं न्हाय. बघा, दिसत हुतं, तरी गप बसला. त्या मेलेल्या मेंढरांसमोर उभं राहून म्हटलं. मी तेव्हा काय काय बोलले ते आता आठवत नाही, आबांनी मला दंड धरून बाजूला नेलं एवढं आठवतं. ते म्हणाले, "गप. त्यांच्याच रानात मेंढरं बसवायची हायत." त्या दिवशी आबांचाही मला राग आला. पण आबा आता नाहीत.

वादळाला मी कधी शिव्या दिल्या नाहीत. त्याला काय, ते बिचारं तापलेल्या पाण्यातून उठतं, वारा नेईल तिकडं जातं, खाली कोण कातरलेलं आहे आणि कोण नाही हे त्याला ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांचं मी मनात धरलं.

आणि न्यायानं सांगायचं तर हेही सांगायला हवं: ती आई नसलेली कोकरं जगली ती बप्पांच्या गाईंच्या दुधावर. दिवाळीभर रोज सकाळ संध्याकाळ दुधाची किटली माळावर यायची, बप्पा स्वतः आणायचे, आणि बाटलीला बोंडी लावून स्वतः पाजायचे. एकदा मी त्यांना बघितलं, मांडी घालून बसलेत, मांडीत कोकरू, धोतर सगळं मुतानं भिजलेलं, आणि त्याला शिव्या देतायत, पी की रं भडव्या. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर माझं बरं झालं असतं.

आज त्याच कोकरांचा कळप झालाय. सुदामनं माळावर पत्र्याचं शेड उभारलंय. आता तो अर्धा कळप आधी कातरतो आणि अर्धा नंतर. ग्रुप त्यानं त्याच दिवाळीत सोडला. गावात कुणी विचारलं तर म्हणतो, मी बघायचं सोडलंय. सोडलेलं नाही. अजून घोंगड्यावर बसून बघतो, आणि जे दिसेल ते फक्त मला सांगतो. बाभळींवरची लोकर पुष्कळ दिवस होती. पाखरांनी थोडी थोडी नेली, घरट्यांना.

आज रविवार. सकाळी धुणं केलं, गच्चीवर वाळत घातलं, आणि हा वास आला म्हणून फोन उघडला. उपसागरातलं गोल चार दिवस नुसतं बसून होतं. काल उठलं. आज जांभळं झालंय आणि किनारा ओलांडून आत आलंय. युरोपवाला आणि अमेरिकेवाला यांचं कधी नव्हे ते जमलंय. बघत होते, तेवढ्यात बप्पांचा फोन आला.

"सुनंदा, बरी हाईस का माय?" बप्पांचा आवाज पार थकलाय. मुलगा पुण्याला, इकडं ते आणि म्हातारी. "यंदा लई झकास आलंय बघ सोयाबीन. कमरंला लागतंय. टोळी दारात हुभी हाय. ऊन तर कडक पडलंय, पर टीव्हीवर कायबाय सांगायलेत. सुदाम मला काय सांगत न्हाय. तुला सांगतो म्हणं. काढू का थांबू, एवढं इचार की त्येला. माझं नाव नको सांगू पायजे तर."

मी म्हटलं, विचारते.

सुदामला लावला. मागं पत्र्यावर काहीतरी ठोकायचा आवाज येत होता. "मेंढरं आत घालायलोय," तो म्हणाला. "आज रात्रीपस्तोर पोचंल हे. बप्पाला सांग, थांबा म्हणावं. टोळी माघारी लावा म्हणावं. पर माझं नाव घिऊ नको, तुझंच म्हणून सांग."

"तुला राग नाही येत का रे?"

"कशाचा?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं. मग म्हणाला, "ठिवतो, एक मेंढा बाहीर पळालाय."

मी गच्चीवर तशीच उभी राहिले. आभाळ स्वच्छ होतं, समोरच्या घराच्या टाकीवर कावळा बसलेला, खालून कुणाच्या तरी फोडणीचा ठसका. मला फाटा दिसत होता. लिंब, बाकडं, आणि मान खाली घालून हसणारा सुदाम. मांडीत कोकरू घेतलेले बप्पाही दिसत होते, नाही असं नाही. दोन्ही एकदम दिसत होतं. मग मी बप्पांना फोन लावला.

"काय म्हणला गं?"

"म्हणाला," मी म्हटलं, "सुदामला काय कळतंय. काढा खुशाल."

बप्पा हळूच म्हणाले, "अजून ध्यानात ठिवलंय व्हय त्यानं." आणि थोडं हसले, म्हाताऱ्या माणसाचं हसू, त्यात खोकला जास्त. "चालायचंच. हक्काचं बोलतो लेकरू. मग काढतो माय. ऊन तर चांगलं हाय."

"हो बप्पा," मी म्हटलं. "ऊन चांगलं आहे."

फोन ठेवला आणि दोरीवरचे कपडे काढून आत आणले. चादरी अजून ओल्याच होत्या, त्या खुर्च्यांवर पसरल्या. मग पंख्याखाली फोन घेऊन बसले. जांभळं गोल तेलंगणात येऊन जरा रेंगाळल्यासारखं दिसत होतं, आणि ते आता वर वळून निघून जातं की काय, याचीच मला भीती वाटत होती.